बिनआवाजाचा डबा

"मामा, तुला किती डेसिबल चालतील?" भाच्याने फोनवर विचारलं.

संगणक घ्यायचा तर किती रुपयांचा, एवढंच विचारतात अशी माझी समजूत होती. पण पुण्याला शिकणारा हा भाचा आमच्या घराण्यातला एकमेव तज्ज्ञ. तो रुपयांवर फार उशिरा येतो.

"चालतील म्हणजे?"

"पीसी हॉलमध्ये ठेवणार ना तू, टीव्हीखाली? मग सायलेंटच हवा. तू सोफ्यावर बसून गेम खेळणार आणि डबा शेजारी घोंघावणार, मग मजा काय?"

मी आमच्या काशीदच्या घरातल्या हॉलमध्ये नजर फिरवली. झोपाळ्याची कडी आईच्या प्रत्येक झोक्याला कुरकुरत होती. स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये ओलं खोबरं फिरत होतं. फणसाडच्या जंगलातून उतरलेली वानरं मागच्या पत्र्यावरून पुढच्या पत्र्यावर जात होती. सुरूच्या बनापलीकडे समुद्र होता आणि तो चोवीस तास करतो तेच करत होता. या सगळ्याचा नीट विचार करून मी म्हणालो, "तीसच्या आत बसव."

तीस हा आकडा मी कुठेतरी वाचला होता. शांत निजायच्या खोलीत तेवढा आवाज असतो म्हणे. माणसं साधं बोलतात तो साठच्या आसपास. शिवाय डेसिबलचं गणित सरळ नाही. दहा वाढले की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. हे कळल्यावर मी फोनमध्ये आवाज मोजायचं एक ॲप घेतलं आणि घरातल्यांचं जगणं मुश्कील केलं. वारा पडलेला असताना रिकामा हॉल ४८. झोपाळा ५५. मालिकेतल्या सासूला उद्देशून आईने काढलेले उद्गार ७४. मिक्सर ८८. शनिवारी रात्री पलीकडच्या वाडीत उतरलेल्या मंडळींनी गाडीची चारही दारं उघडून गाणी लावली, तेव्हा ॲपने ९२ दाखवले. हीच मंडळी दुपारी आमच्या दारात चौकशी करून गेली होती, "दादा, इथे रात्री शांत असतं ना?"

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. समुद्राला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

"अहो, पण मग तुम्हाला त्या डब्याचा आवाज ऐकू येणार कुठून?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न तिने अगदी सुरुवातीलाच विचारला होता, आणि तो अडचणीचा असल्यामुळे आम्ही मामा-भाच्यांनी तो बाजूला ठेवला.

गेमचं खूळ माझ्या डोक्यात आजचं नाही. शाळेत असताना सुट्टीत मुंबईला मावशीकडे गेलो की टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम मिळायचा. कॅसेटवर ९९९९ खेळ असं छापलेलं; त्यातले खरे पाच-सहा, बाकी तेच नावं बदलून. मी 'कॉन्ट्रा'त शेवटच्या राक्षसापाशी पोचलो की मावशीची मालिका लागायची. पंचेचाळिशीला टेकलेला माणूस हॉलमधल्या टीव्हीवर हक्क सांगतो तो असा जुन्या जखमेपायी.

"मग तो तयार खोका मिळतो, तो का नाही घेत?" बायको म्हणाली. तिने माहितीही काढली होती. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. टीव्हीला जोडायचा आणि खेळायचं.

भाचा फोनवर इतका वेळ गप्प राहिला की मला रेंज गेल्यासारखं वाटलं.

"मामी, तो तयार मिळतो."

"मग बरंच की."

"मामी, तयार मिळतो!"

तिला कळेना, पण मला लगेच कळलं. आमच्या घराण्यात वस्तू वापरायची हौस कुणालाच नाही. हौस आहे ती निवडायची. न्हाणीघराच्या फरशा निवडताना वडिलांनी अलिबाग, पेण आणि पनवेल पालथं घातलं होतं. त्या फरशा बसल्यावर त्यांनी खाली पाहिल्याचं कुणाला आठवत नाही.

तर निवड सुरू झाली. पहिला धडा पंख्यांचा. संगणकातला आवाज बहुतेक पंख्यांचाच असतो. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला गरगरा फिरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो; मोठा पंखा सावकाश फिरून तेच काम करतो. म्हणून ८० मिलिमीटरपेक्षा १२० बरा आणि १२०पेक्षा १४० बरा. या हिशेबाने जगातला सर्वांत शांत पंखा आमच्या हॉलच्या छताला असायला हवा. तो १२०० मिलिमीटरचा आहे, आणि वडिलांनी बसवला त्या दिवसापासून कुटूरकुटूर करतो आहे.

भाच्याच्या मते पंखे घ्यायचे तर ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे. जगभरचे शांततावादी तेच घेतात. मी बायकोला फोटो दाखवला.

"हे तर तहसील ऑफिसच्या भिंतीसारखं दिसतंय. खाली तपकिरी, वर बदामी."

"अगं, रंगावर जाऊ नकोस. आवाज बघ."

"फोटोत आवाज कसा बघू? हॉलमध्ये ठेवायचा असेल तर काळा आणा."

काळेही मिळतात. पण तपकिरी नसेल तर तो नॉक्टुआचा आहे हे लोकांना कसं कळणार, हा भाच्याचा मुद्दा. काशीदमध्ये येऊन कॅबिनेटमध्ये डोकावणारे हे लोक कोण, ते त्याने सांगितलं नाही.

दुसरा धडा उन्हाळ्याचा. हे सगळे सल्ले देणारे तज्ज्ञ थंड देशातले. त्यांच्या खोलीचं तापमान एकवीस अंश. प्रोसेसर कितीही गुणी असला तरी पंख्याने तो खोलीपेक्षा थंड होत नाही. खोलीवर तो किती चढतो, एवढंच आपल्या हातात. म्हणजे त्यांच्याकडे सत्तरवर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये ऐंशी ओलांडणार. पंचाण्णवपर्यंत नवे प्रोसेसर सोसतात, पण ते सोसत असताना पंखे आरडाओरडा करतात.

"हॉलला एसी बसवला तर?" मी सुचवलं.

"आईंच्या खोलीत एसी नाही," बायको म्हणाली. "डब्याला एसी?"

शिवाय एसीचा आवाज तीसच्या वर गेला असता, त्यामुळे ती सूचना मीच मागे घेतली.

मग ठरलं की उष्णता मुळातच कमी निर्माण करायची. प्रोसेसर ६५ वॅटचा. ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०६०, ११५ वॅटचं. भाच्याचा जीव आरटीएक्स ४०९०मध्ये अडकला होता. ते ४५० वॅट खातं. विहिरीवरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप ३७३ वॅटचा असतो. हा हिशेब मी ओटीवर बसून मोठ्याने केला, आणि 'पंप' हा शब्द कुंपणापलीकडे गेला.

शेजारचे काका आले. त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि पंप या विषयावर ते कुणाचं ऐकत नाहीत.

"कसला पंप घेतोस?"

"पंप नाही काका, संगणक. पण त्यात पाण्याने थंड करायची सोयही मिळते."

"पाणी कुठून घेणार?"

"आतच फिरतं. बंद नळीतून."

"म्हणजे पंप आहेच की. मग तो खाली ठेव नि टाकी वर. नाहीतर हवा धरेल. हवा धरली की खडखडतो."

मी हसून विषय बदलला. रात्री भाच्याने एक इंग्रजी व्हिडिओ पाठवला. चांगला लांबलचक. काचेची मॉडेलं, रंगीत पाणी, बाणांच्या आकृत्या. त्यातला परदेशी गृहस्थ शेवटी ज्या निष्कर्षाला पोचला तो असा: रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असावा, नाहीतर हवा पंपात जमते आणि तो खडखडतो. हे मी काकांना सांगायला नको होतं. तेव्हापासून ते आमचे तांत्रिक सल्लागार आहेत. रोज सकाळी वाडीला पाणी सोडायला जाताना कुंपणापाशी थांबून विचारतात, "फूटव्हॉल्व्ह बसवलास का?"

पाण्याचा बेत शेवटी रद्द झाला. पंपाला स्वतःची अशी एक गुणगुण असतेच. मोठा हीटसिंक आणि त्यावर सावकाश फिरणारा पंखा यावर ६५ वॅट आरामात निभतात. काकांना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचा विरस होईल.

कॅबिनेटवर मात्र युद्ध झालं. बंद पॅनेलांचं, आतून फोम लावलेलं कॅबिनेट आवाज दाबतं, पण आत गरम होतं. मग पंखे जोरात फिरतात आणि फोम ज्यासाठी लावला तो आवाज पुन्हा सुरू. जाळीचं कॅबिनेट थंड राहतं, पण जे काही वाजेल ते सरळ कानावर. भाचा जाळीच्या बाजूने होता.

"जाळीचं नको," आई झोपाळ्यावरून म्हणाली. "पाल जाईल."

"आजी, दीड मिलिमीटरच्या भोकातून पाल जात नाही."

"मागून जाते. स्टॅबिलायझरमध्ये अंडी घातली होती तिने. ऊब असते तिथे जाते."

मागचा भाग आम्ही तपासला. पाल सहकुटुंब जाऊ शकेल एवढ्या फटी होत्या. आणि पाल एक वेळ परवडली; काशीदला खरा शत्रू खारा वारा. खिडकीचे गज त्याने खाल्ले, सायकल खाल्ली. जुन्या टीव्हीची मागची सॉकेटं हिरवी पडली. संगणक म्हणजे तर हा वारा मुद्दाम आत ओढून घेणारं यंत्र. त्यावर भाच्याने 'पॉझिटिव्ह प्रेशर' सांगितलं: हवा आत घेणारे पंखे जास्त, बाहेर टाकणारे कमी आणि आत येण्याच्या वाटेवर गाळणी. मग फटींमधून हवा बाहेर पडत राहते आणि धूळ-वाळू तिथून शिरत नाही. मिठाचं काय, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आईने अर्थातच तोडगा काढला: वापर नसेल तेव्हा डब्यावर चादर घालायची.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन संगणकवाल्यांनी ग्रँट रोड स्टेशनाबाहेर अजून जिवंत ठेवला आहे. दुकानदाराला मी माझी गरज समजावून सांगितली.

"आवाज नको."

"साहब, लाइटवाला ले लो. एक करोड सडसठ लाख कलर."

"रंग नकोत. आवाज किती येतो ते सांगा."

"आवाज का क्या करना है? लाइट देखो ना."

त्याने एक पंखा जोडून दाखवला. मी कान लावला. बाहेर टॅक्सी, हातगाडी, टेम्पो आणि तिघांनाही बाजूला व्हायला सांगणारी बस होती. "आ रहा है क्या आवाज?" त्याने अभिमानाने विचारलं. तिथे पिठाची गिरणी चालू केली असती तरी ऐकू आली नसती. मी ॲप काढलं; ८१. दुकानदाराने माझ्याकडे एकदा आणि ॲपकडे एकदा पाहिलं, आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बिनलाइटची रॅम, बिनलाइटचे पंखे, बिनलाइटचं ग्राफिक कार्ड. प्रत्येक गोष्ट "गोदाम से मंगाना पडेगा". प्रकाश न पडण्याचे जास्त पैसे द्यायचे आणि वर अठरा टक्के जीएसटी भरायचा, अशी ती खरेदी.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, आणि पुढे मुरुडची गाडी. ग्राफिक कार्ड जड असतं, बोर्डावर बसवून धक्क्यांच्या रस्त्याने नेलं तर खाच तुटते, अशी भाच्याने ताकीद दिली होती. म्हणून सगळे सुटे भाग एका मोठ्या खोक्यात आणि खोकं मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी खोक्यासकट उठत होतो. रेवदंड्याच्या पुलावर कंडक्टरने आदराने विचारलं, "गणपती का?"

"नाही, संगणक."

"मग त्याचं तिकीट काढा."

जोडणीला भाचा दिवाळीत आला. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट किती लावायची यावर तो आणि त्याचा पुण्यातला मित्र व्हिडिओ कॉलवर इतके भांडले की फराळ थंड झाला असं म्हणणार होतो, पण फराळ थंडच असतो. एकाच्या मते वाटाण्याएवढी, दुसऱ्याच्या मते फुली. शेवटी बायकोने नळी हातात घेऊन दाबली.

आणि यंत्र सुरू झालं. खरंच आवाज नव्हता. एसएमपीएस, म्हणजे डब्यातल्या भागांना वीज पुरवणारा खोका, असा निवडला होता की भार कमी असला तर त्याचा पंखा फिरतच नाही. हार्ड डिस्कची घरघर नको म्हणून एसएसडी. पंखे मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर. दिवा एकही नाही. आम्ही दोघे कान लावून बसलो, आणि मी नारळ फोडायला बाहेर गेलो तेवढ्यात आईने केर काढताना भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अगं आई, चालू होता तो!"

"कशावरून?"

उत्तर नव्हतं. पुढेही हे होत राहिलं. कुणीही येता-जाता विजेची बचत करून जात असे. अखेर भाच्याने डब्याच्या दर्शनी भागावर एक लाल दिवा बसवला. तो एक कोटी सदुसष्ट लाख रंग दाखवू शकतो, आम्ही एकावर भागवतो.

त्याच आठवड्यात रात्री बारीक किर्रर्र असा आवाज येऊ लागला. भाचा पुण्याला परतला होता. मी फोन डब्याशी धरला. "कॉइल व्हाइन," त्याने निदान केलं. ग्राफिक कार्डावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांतून वीज वेगाने कमी-जास्त होते, ती कंप पावतात आणि किरकिरतात. दोष नव्हे, स्वभाव. कार्डाला थोडं कमी व्होल्टेज दे, खेळातली चित्रं सेकंदाला साठावर बांध, म्हणजे कमी होईल. मी ते सगळं केलं. आवाज तसाच. आणि मग वीज गेली.

इथे यूपीएसबद्दल सांगायला हवं. साध्या इन्व्हर्टरवर जाताना मध्ये क्षणभर खंड पडतो, आणि एसएमपीएस वीज नसताना जेमतेम पंधरा-वीस मिलिसेकंद तग धरतो. म्हणून वेगळा यूपीएस. तोही शुद्ध लाटेची वीज देणारा हवा, कारण पायऱ्या-पायऱ्यांच्या लाटेवर काही नवे एसएमपीएस रुसून बंद पडतात. मी पायऱ्यांचा घेतला होता, स्वस्त होता म्हणून. त्यामुळे वीज जाताच संगणक बंद पडला आणि ज्याला आता काही काम उरलं नव्हतं तो यूपीएस जिवाच्या आकांताने ओरडू लागला. फोन हातात होताच: ७९. घरातल्या सगळ्या शांत वस्तूंमध्ये सर्वांत मोठा आवाज माझ्या शांत संगणकासाठी आणलेल्या वस्तूचा होता. तो बंद केला, तर काळोखात किर्रर्र चालूच. झोपाळ्याच्या कडीपाशी रातकिडा होता.

"त्याचं पण व्होल्टेज कमी करा," बायको अंथरुणातून म्हणाली.

खरी शांतता काशीदने ऐकली आहे, नाही असं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि गेलं, आणि मग कितीतरी दिवस वीज नव्हती. फ्रिज नाही, मिक्सर नाही, मालिका नाही. ॲप तेव्हा नव्हतं. असतं तरी फोन चार्ज नव्हता. त्या शांततेबद्दल गावात कुणी प्रेमाने बोलत नाही.

आता तुम्ही विचाराल, खेळतो काय? मोठमोठ्या लढायांचे गेम उतरवले आहेत, पण हल्ली 'स्टारड्यू व्हॅली' लागतो. २०१६चा आहे. गावाकडच्या वडिलोपार्जित शेतावर राहायचं, भाजी लावायची, विहिरीवरून पाणी घालायचं, संध्याकाळी समुद्रावर जाऊन गळ टाकायचा. त्याला २५६ मेगाबाइटचं ग्राफिक कार्ड पुरतं. माझ्याकडे त्याच्या बत्तीसपट आहे. परवा काका आले, सोफ्यावर टेकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"काय लावलंस?"

"फ्लॉवर."

"आणि तुमच्या मागच्या वाडीतल्या आळ्याला पाणी?"

आई झोपाळ्यावरून म्हणाली, "ते मी घातलं."

काकांनी पडद्यावरच्या विहिरीकडे बोट केलं. "याला पंप नाही?"

आता एक विनंती. काशीदला जरूर या. मंगळवार-बुधवारी आलात तर खोलीही लगेच मिळेल. गाडीतले स्पीकर रात्री दहाला बंद करा, कारण एवढा खर्च करूनही माझा डबा खरोखर तीसच्या आत आहे का, हे मला अजून मोजता आलेलं नाही. आणि ग्रँट रोडवरून निघत असाल तर १४० मिलिमीटरचा एक पंखा घेऊन या, पैसे इथे देतो. काळा आणा.